डॉक्टर, विचारू का? : नवं इंजेक्शन आणि पिशवीतल्या जुन्या गोळ्या

या महिन्यातली बहुतेक पत्रं हृदयाच्या औषधांबद्दलची आहेत. कुणी टीव्हीवर वर्षातून दोनदा घ्यायच्या इंजेक्शनबद्दल ऐकलंय, कुणाला पुण्याच्या जावयाने नवी गोळी सुचवलीय. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या दवाखान्यात रुग्ण आला की मी आधी औषधांची पिशवी टेबलावर ओतायला लावते. परवा एका पिशवीतून एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या पट्ट्या निघाल्या. दोन्ही चालू होत्या. तिसऱ्या पट्टीचा कोपरा दुकानात कापलेला, त्याबरोबर औषधाचं नावही गेलं आणि तारीखही. नव्या औषधाचं बोलण्याआधी जुन्याचा हिशेब लावावा लागतो, म्हणून खालच्या उत्तरांत दोन्ही येईल. पत्रं आटोपशीर केली आहेत, नावं घेतलेली नाहीत.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी झटका आला, अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवला. वय ६१. ॲटोरव्हास्टॅटिन ४० रोज रात्री घेतो. आता एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ५८ आलं आहे. पुतण्या म्हणतो, काका, नॉर्मल आलंय, आता बंद करा, त्या गोळीनं पाय जातात. माझ्या पोटऱ्या खरोखरच दुखतात. ते सहा महिन्यांचं इंजेक्शन घेतलं तर गोळीतून सुटका होईल का? (निवृत्त शिक्षक, कागल)

उत्तर : सर, हे ५८ गोळीने आणलेलं आहे. गोळी थांबवलीत की काही आठवड्यांत ते होतं तिथे परत जाईल. आणि तुमच्यासाठी ५८ अजून जास्तच आहे. रिपोर्टवर शेजारी १०० ची मर्यादा छापलेली असते ती ज्याला झटका आलेला नाही त्याच्यासाठी. झटका येऊन गेलेल्या माणसाचं एलडीएल ५५ च्या खाली हवं, असं युरोपातल्या हृदयतज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरवलं. आपल्याकडचे तज्ज्ञ तर ५० च्या खाली धरतात.

या गोळीचा जन्म बुरशीतून झाला. जपानमध्ये शेतकरी कुटुंबातून आलेले अकिरा एन्डो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी सुमारे सहा हजार बुरश्या तपासल्या आणि १९७३ मध्ये क्योटोतल्या तांदळावर वाढलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत यकृतातलं कोलेस्टेरॉल बनणं रोखणारा पदार्थ त्यांना सापडला. स्टॅटिन म्हणतात त्या या वर्गातलं पहिलं औषध अमेरिकेत १९८७ मध्ये बाजारात आलं. तरी डॉक्टर मंडळी साशंकच होती. कोलेस्टेरॉल उतरलं हे मान्य, पण माणूस जास्त जगतो का? त्याचं उत्तर १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातून आलं. हृदयरोगाच्या ४,४४४ रुग्णांपैकी अर्ध्यांना सिम्व्हास्टॅटिन दिलं, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. पाच-साडेपाच वर्षांत खोट्या गोळीच्या गटात २५६ माणसं गेली, खऱ्या गोळीच्या गटात १८२. हे आकडे मी पुतण्यांना तोंडपाठ म्हणून दाखवते.

स्टेंट फक्त एका जागची अडचण दूर करतो. बाकीच्या रक्तवाहिन्यांत जी चरबीची पुटं आहेत ती फुटू नयेत, हे काम गोळीचं.

आता पोटऱ्या. तुमचं दुखणं मी खोटं म्हणत नाही. पण लंडनच्या एका चाचणीबद्दल सांगते, २०२० मध्ये तिचे निकाल आले. स्टॅटिनच्या त्रासाला कंटाळून ज्यांनी गोळी सोडली होती अशा ६० जणांना वर्षभरासाठी बाटल्या दिल्या. काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी, काही महिने रिकामी बाटली. कुठली खरी, कुठली खोटी हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्रासाची नोंद रोज मोबाईलवर करायची होती. गोळी न घेण्याच्या महिन्यांत त्रास कमी होता, घेण्याच्या महिन्यांत वाढला. पण खऱ्या गोळीने जेवढा वाढला त्यातला सुमारे ९० टक्के खोट्या गोळीनेही वाढला होता. आपलेच आकडे समोर ठेवल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. स्नायूंना खरी इजा होते ती क्वचित. तेव्हा सीपीके (स्नायूंच्या इजेची रक्ततपासणी), थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. खोकल्यासाठी मध्येच कुणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं होतं का तेही आठवा, कारण त्याने ॲटोरव्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण चढतं. लघवी चहासारखी गडद झाली तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

सगळं ठीक निघालं तर तुमच्या डॉक्टरांशी दोन गोष्टी बोला. एक, रोझुव्हास्टॅटिन या दुसऱ्या स्टॅटिनवर जाणं. दुसरी, इझेटिमाइब जोडणं. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल जेमतेम सहा टक्के आणखी उतरतं, इझेटिमाइब जोडलं तर वीसेक टक्के. तुमचं ५८ तेवढ्यानेच ४६ च्या आसपास येईल, आणि ही गोळी स्वस्त आहे. स्टॅटिन खरंच सोसत नसेल तर बेम्पेडोइक ॲसिड आहे. ते यकृतात गेल्यावरच कामाला लागतं, स्नायूंत नाही. २०२३ मध्ये जवळपास १४,००० लोकांवरच्या चाचणीत त्याने झटके आणि तत्सम घटना १३ टक्क्यांनी कमी झाल्या. फक्त युरिक ॲसिड वाढतं, त्यामुळे तांबड्या-पांढऱ्यावर ताव मारून अंगठा सुजवणाऱ्यांना मी ते जपून देते.

तुमचं इंजेक्शन आलं शेवटी. यकृताच्या पेशींवर एलडीएल उचलणारे हमाल असतात. गूळ मार्केटात रवे उचलणारा हमाल जसा एक खेप आत टाकून पुन्हा दारात येतो, तसेच तेही परत येतात. पीसीएसके-९ नावाचं प्रथिन म्हणजे पहिल्या खेपेलाच हमालाला घरी पाठवणारा मुकादम. हे प्रथिन २००३ मध्ये उजेडात आलं, २०१५ मध्ये त्याला पकडणारी इव्होलोक्युमॅब आणि ॲलिरोक्युमॅब ही इंजेक्शनं आली. ती दोन ते चार आठवड्यांनी घ्यावी लागतात. २०१७ च्या मोठ्या चाचणीत स्टॅटिन चालू असलेल्या साडेसत्तावीस हजार लोकांना इव्होलोक्युमॅब किंवा खोटं इंजेक्शन दिलं, तेव्हा एलडीएल सरासरी ९२ वरून ३० वर आलं आणि झटके कमी झाले. तुम्ही ऐकलंय ते इन्क्लिसिरान. ते हे प्रथिन यकृतात तयारच होऊ देत नाही. पहिलं इंजेक्शन, तीन महिन्यांनी दुसरं, मग दर सहा महिन्यांनी. एलडीएल निम्म्यावर येतं. औषध उत्तम आहे आणि महाग आहे. घराण्यातच कोलेस्टेरॉल भयंकर असलेल्यांना, गोळ्यांच्या कमाल डोसवरही ज्यांचं उतरत नाही त्यांना ते जरूर द्यावं. तुम्हाला हवेत ते दहा-बारा आकडे इझेटिमाइबने उतरतील. पुतण्याला म्हणावं, इंजेक्शनचे पैसे बँकेत टाक.

प्रश्न : आईचं वय ६७. हार्ट फेल्युअर आहे, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी, पंपिंग ३० टक्के सांगितलं. तिला शुगर अजिबात नाही, तरी डॉक्टरांनी शुगरची गोळी (डॅपाग्लिफ्लोझिन) लिहिली. मेडिकलवाल्यानेही विचारलं, 'शुगर आहे का?' चुकून तर नाही ना लिहिली? शिवाय ती नवरात्रात नऊ दिवस उपवास धरते, अंबाबाईचा आहे, ऐकत नाही. (मुलगी, इचलकरंजी)

उत्तर : ताई, चुकून नाही. मुद्दाम लिहिली आहे, आणि बरं झालं.

मी मिरजेला शिकत होते तेव्हा हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला बीटा-ब्लॉकर (ठोके मंद करणारं औषध) देऊ नका, असं पुस्तकात छापलेलं होतं. हृदय आधीच थकलंय, त्याला आणखी मंद कसं करायचं? १९९० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या चाचण्यांनी ते उलटं ठरवलं. आज बीटा-ब्लॉकर हा या आजारातल्या चार मुख्य औषधांपैकी एक आहे. दुसरं स्पायरोनोलॅक्टोन, तिसरं सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन आणि चौथी तुमची 'शुगरची गोळी'.

तिचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत आहे. १८३५ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्या सालीतून फ्लोरिझिन काढलं. त्याने लघवीतून साखर जाते हे पुढे कळलं, आणि त्यावरूनच मधुमेहाची ही औषधं घडवली गेली. मधुमेहींवर चाचण्या झाल्या तेव्हा दिसलं की हार्ट फेल्युअरने दवाखान्यात भरती होणं फारच कमी झालंय. मग २०१९ मध्ये हार्ट फेल्युअरच्या ४,७४४ रुग्णांवर डॅपाग्लिफ्लोझिनची चाचणी झाली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांना मधुमेह नव्हता. हृदयविकाराने मृत्यू किंवा आजार बळावणं यांत २६ टक्के घट झाली, मधुमेह असलेल्यांत आणि नसलेल्यांत सारखीच. शुगर नसलेल्या माणसाची शुगर या गोळीने सहसा धोक्याइतकी उतरत नाही, तेव्हा ती भीती काढून टाका. काळजी घ्यायची ती स्वच्छतेची. लघवीत साखर आली की जांघेत, लघवीच्या जागी बुरशी होते, आणि आपल्याकडच्या आया ते कुणाला सांगत नाहीत. तुम्ही आपणहून विचारा.

भावाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं, सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनचं २०२३ मध्ये, त्याच वर्गातल्या एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. पेटंट गेलं की आपल्या कंपन्या महिन्याभरात उतरतात आणि किंमत धाडकन खाली येते. जुनी चिठ्ठी घेऊन जुन्याच ब्रँडचे जुनेच पैसे मोजणारी माणसं मला रोज भेटतात. जनऔषधी केंद्रात एकदा चौकशी करा. मात्र आईला पूर्वी रामिप्रिल ही बीपी-हृदयाची गोळी चालू असेल तर शेवटच्या गोळीनंतर ३६ तास गेल्याशिवाय सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन सुरू करायचं नाही. चेहरा आणि घसा सुजून श्वास अडकू शकतो. घरात उरलेल्या रामिप्रिलच्या पट्ट्या टाकून द्या.

आता अंबाबाईचा उपवास. ही गोळी आणि लघवीची गोळी, दोन्ही पाणी बाहेर काढतात. वरून आई दिवसभर कोरडी राहिली तर बीपी पडेल, किडनीवर ताण येईल. मधुमेहींना तर उपाशीपोटी या गोळीने रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो, आणि गंमत म्हणजे तेव्हा शुगर मशीनवर फारशी वाढलेली दिसत नाही. उलट्या-जुलाब झाले, जेवण तुटलं, ऑपरेशन ठरलं की गोळी काही दिवस थांबवायची असते, ती डॉक्टरांना विचारून. आईला उठता-बसता धरायचं मान्य होतं का बघा, म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस. नाहीच ऐकलं तर घटस्थापनेच्या आधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांचं वेळापत्रक बदलून घ्या.

आणि उपवासाच्या मिठाचं ऐका. सैंधव म्हणजे मीठच, त्यात सोडियम तेवढंच. 'लो सोडियम' म्हणून दुकानात मिळतं त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन नि सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन चालू असताना रक्तातलं पोटॅशियम आधीच वर सरकलेलं असतं. वरून शहाळं, केळी, रताळी. पोटॅशियम चढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, कधी थेट थांबतात. नवरात्राच्या आसपास एकदा पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) करून घ्या. रोज सकाळी लघवी झाल्यावर वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाय सुजायची वाट बघू नका, फोन करा.

प्रश्न : वय ६४, कसलाही आजार नाही. रोज रंकाळ्याला दोन फेऱ्या मारतो. मित्रांच्या सांगण्यावरून रक्त पातळ राहावं म्हणून दोन वर्षं ॲस्पिरिन ७५ घेतो. चालू ठेवू ना? (व्यापारी, शाहूपुरी)

उत्तर : आजार नसेल तर कशाला घेता? झटका, स्टेंट, बायपास किंवा पक्षाघात झालेल्यांना ॲस्पिरिन हवंच, त्यात वाद नाही. निरोगी माणसाचं गणित वेगळं. २०१८ मध्ये सत्तरीच्या आसपासच्या १९,००० हून अधिक निरोगी लोकांवरच्या चाचणीत फायदा दिसला नाही, रक्तस्राव वाढला. साठीनंतर प्रतिबंध म्हणून ते नव्याने सुरू करू नये, असा अमेरिकेतल्या तज्ज्ञ गटाचा २०२२ पासूनचा सल्ला आहे. ॲस्पिरिनच्या जोडीला तुम्ही ॲसिडिटीची गोळीही घेत असणार. एकदा डॉक्टरांना दाखवून, लपलेला आजार नाही याची खात्री करून दोन्ही बंद करा. फेऱ्या चालू ठेवा, बीपी मोजा.

प्रश्न : लहानपणी संधिवाताचा ताप येऊन झडप खराब झाली. चार वर्षांपूर्वी धातूची झडप बसवली. वय ३८. रक्त पातळ ठेवणारं ॲसिनोकुमारॉल घेते. दर महिन्याला आयएनआरसाठी (रक्त किती उशिरा गोठतं त्याची तपासणी) हातात सुई. आज एक गोळी, उद्या दीड, कंटाळा आला. तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्यात म्हणे. मला चालतील का? रात्री शांततेत झडपेची टिकटिक ऐकू येते, तेव्हा नको नको ते मनात येतं. (गृहिणी, शिरोळ)

उत्तर : टिकटिक चालू आहे म्हणजे झडप उघडझाप करते आहे, तिची धास्ती नको. पण नव्या गोळ्या तुम्हाला नाहीत. कुणी बदलून दिल्या तरी घेऊ नका.

तुमच्या गोळीच्या घराण्याची गोष्ट गोठ्यात सुरू झाली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये सडलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत. १९३३ च्या फेब्रुवारीत एक शेतकरी बर्फवृष्टीत मेलेली कालवड आणि न गोठणारं रक्त डब्यात भरून कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत गेला. त्या चाऱ्यातला पदार्थ लिंक यांच्या चमूने काही वर्षांनी वेगळा काढला. त्यातून वॉरफरिन घडलं, ते १९४८ मध्ये उंदरांचं विष म्हणून विकलं गेलं आणि नंतर माणसांसाठी वापरात आलं. तुमचं ॲसिनोकुमारॉल त्याचंच भावंड. 'के' जीवनसत्त्वाचं काम अडवून ते रक्त गोठणं मंद करतं.

डॅबिगाट्रान, रिव्हारॉक्साबान, ॲपिक्साबान या गोळ्या २०१० पासून आल्या. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या लाखो लोकांची सुईतून सुटका झाली, हे मोठंच काम. पण धातूच्या झडपेवर डॅबिगाट्रान देऊन पाहिलं तेव्हा गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, चाचणी मध्येच थांबवावी लागली. निकाल २०१३ मध्ये छापून आले. एका खास धातूच्या झडपेवर ॲपिक्साबानची चाचणीही २०२२ मध्ये अशीच थांबली. संधिवाताच्या तापाने झडप आकसलेल्या रुग्णांत तर २०२२ मध्येच जुन्या गोळीने नव्या रिव्हारॉक्साबानवर मात केली, जुन्या गोळीवर माणसं कमी मेली. त्या चाचणीत भारतातलेही रुग्ण होते. हा आजार आपल्यासारख्या देशांतलाच.

तेव्हा जुनीच गोळी, पण नेटकी. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी घ्या. मेथी, शेपू, पालक सोडायची गरज नाही, आठवड्याला साधारण सारखं प्रमाण ठेवा म्हणजे आयएनआर उड्या मारणार नाही. दुकानातून अंगदुखीची गोळी परस्पर घेऊ नका, काढेही नकोत. दात काढायचा असेल तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका. मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधी भेटा, कारण सुरुवातीच्या महिन्यांत ही गोळी बाळाला बाधते. संधिवाताच्या तापासाठी तीन आठवड्यांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू असेल तर तेही झडप बसली म्हणून सोडायचं नाही.

प्रश्न : डॉक्टरीणबाई, अर्जुनाची साल उकळून पितोय, बरं वाटतंय. मग त्या गोळ्या कशाला? भावाला तर हार्टवाल्यानं गाऊटची गोळी दिलीया. झाडपाल्याचंच औषध द्यायचं तर आमचं काय वाईट? (शेतकरी, राधानगरी)

उत्तर : पाव्हणं, अर्जुनाच्या सालीवर छोटे अभ्यास झालेत. तिने झटके किंवा मृत्यू टळतात, हे मोठ्या चाचणीत सिद्ध झालेलं नाही. प्यायची तर डॉक्टरांना सांगून प्या, गोळ्यांच्या जागी नको. भावाची गोळी म्हणजे कोल्चिसिन. तुमच्या बांधावर पावसाळ्यात लाल-पिवळी कळलावी फुलते ना, तिच्यातही तेच आहे. रक्तवाहिनीतल्या पुटांना सूज असते, ती हे औषध कमी करतं. २०२० मध्ये जुन्या हृदयरुग्णांत अर्ध्या मिलिग्रॅमने फायदा दिसला, अमेरिकेने २०२३ मध्ये परवानगी दिली, तर २०२४ मध्ये नुकताच झटका आलेल्यांत फायदा दिसलाच नाही. म्हणून मी ते सरसकट देत नाही. आणि कळलावीचा कंद विष आहे. अर्धा मिलिग्रॅम मोजून दिलेली गोळी वेगळी, कंद उगाळून घेणं वेगळं. तसलं काही करू नका.

प्रश्न : आम्ही गगनबावड्याकडे राहतो. पावसात रस्ता बंद होतो. वडिलांचं वय ७०, बीपी आहे. छातीत दुखलं तर घरात काय ठेवावं? (तरुण, गगनबावडा तालुका)

उत्तर : पाण्यात विरघळणाऱ्या साध्या ॲस्पिरिनची पट्टी ठेवा. छातीच्या मध्यभागी दाब, घाम, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, असं झालं की ३०० मिलिग्रॅम चावून खायला द्या. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्ताची उलटी झालेली असेल तर नको. वरच्या शाहूपुरीच्या उत्तराशी हे विसंगत वाटेल, पण झटका चालू असताना हिशेब बदलतो. १९८८ मध्ये १७,००० हून अधिक रुग्णांवर हे तपासलंय. नुसत्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले मृत्यू सुमारे पावपट कमी झाले.

जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट ही छातीदुखीची गोळी डॉक्टरांनी आधी लिहून दिली असेल तरच, आणि बसवून. उभ्याने घेतली तर बीपी पडून माणूस कोसळतो. पुरुषांनी ताकदीची गोळी, म्हणजे सिल्डेनाफिल वगैरे, गेल्या एक-दोन दिवसांत घेतली असेल तर सॉर्बिट्रेट अजिबात नको. सिल्डेनाफिल मुळात छातीदुखीसाठीच शोधत होते, १९९८ मध्ये भलत्याच कामासाठी बाजारात आलं. वडिलांना हे विचारायला लाज वाटेल, तरी विचारा.

१०८ ला फोन करा आणि जिथे ईसीजी निघतो त्या सर्वांत जवळच्या दवाखान्यात पोचा. मोठा झटका असेल आणि अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत होण्यासारखी नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच घेऊन मग कोल्हापूरला निघायचं. पूर्वी स्ट्रेप्टोकायनेज तासभर सलाइनमधून द्यावं लागायचं. टेनेक्टेप्लेज वजनाप्रमाणे एकदाच शिरेतून देतात, काही सेकंदांचं काम. पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा खरा उपयोग, बारा तासांनंतर जवळपास नाही. त्यामुळे गॅस झाला असेल म्हणून सोडा पाजत बसू नका. ते इंजेक्शन जवळ कुठे मिळतं हे पावसाळ्याआधीच जाऊन विचारून ठेवा. आणि त्या वेळी वडिलांना मोटरसायकलवर मागे बसवून नेऊ नका, चारचाकी कुणाची मिळेल ते आत्ताच गल्लीत ठरवून ठेवा.